नुसता पेपर मिळेल का?

प्रति,
वृत्तपत्रांचे मालक, प्रकाशक आणि वितरण-व्यवस्थापक
(सर्व भाषा, सर्व आवृत्त्या)

महोदय,



मी वाराणसीत अमृतराव घाटाच्या मागच्या गल्लीत राहतो. नकाशात आणि नावाड्यांच्या तोंडी त्याला आता राजाघाट म्हणतात, पण आमच्या घरी अजून अमृतराव घाटच. राघोबादादांचे दत्तक चिरंजीव अमृतराव पेशवे यांनी १८०३ साली इंग्रजांशी करार केला, पेन्शन घेतली आणि ते काशीला येऊन राहिले. १८२४ साली इथेच वारले. त्यांच्या आगेमागे इकडे आलेली मराठी घरे थोडीबहुत टिकून आहेत, त्यांतले आमचे एक. घरी रोज दोन हिंदी पेपर येतात. मराठी पेपर इथे दारात पडत नाही. तो मोबाइलवर वाचतो, किंवा पुण्या-नाशिकहून कोणी यात्रेला आले की त्यांच्या पिशवीत फराळाच्या डब्याखाली घडी घातलेला मिळतो. म्हणजे आपल्यापैकी काहींचे मी रोजचे गिऱ्हाईक आहे आणि काहींचा उधारीचा वाचक. पत्र मात्र सगळ्यांनाच आहे.

तक्रार आधी सांगतो, म्हणजे पुढचे वाचायचे की नाही ते आपल्याला ठरवता येईल. मला नुसता पेपर मिळत नाही. जो मिळतो तो कशाच्या तरी सोबत मिळतो, आणि त्या सोबतीचे पैसे मी दिले की दुसऱ्या कोणी, हे मला कळत नाही.

मध्यंतरी एका सकाळी पहिल्या पानावर शांपूची पुडी चिकटवलेली आली. ती सोडवताना खालच्या बातमीचा मथळा आणि निम्मा मजकूर निघून आला. कोणत्या धरणाचे दरवाजे उघडले हे मला शेजारच्यांच्या अंकावरून कळले, कारण त्यांची पुडी गल्लीतल्या पोरांनी आधीच हळुवार काढून नेली होती. वर्षाची वर्गणी भरायला गेलो तर ती डब्यांच्या संचासकट. डबे नकोत म्हटले, तर किंमत तीच! ‘डबे राहू द्या, कोणाला तरी देऊन टाका,’ असा प्रेमळ सल्लाही मिळाला. महाराष्ट्रात माझी धाकटी बहीण रोज सकाळी आधी कात्री शोधते. कुपन कापून प्रवेशिकेवर चिकटवल्यावर उरलेला अंक तिचे यजमान वाचतात, आणि कापलेल्या चौकोनाच्या मागच्या बाजूला नेमके त्यांचे शब्दकोडे असते. याशिवाय एका पेपरबरोबर त्याच घराण्याचा दुसरा पेपर जोडून देणे ही पद्धत आहेच. मुंबईत २००५ साली ‘मुंबई मिरर’ सुरू झाला तो ‘टाइम्स ऑफ इंडिया’च्या घडीत बसूनच घरोघर गेला. आणि २१ सप्टेंबर २०१० रोजी तर एका मोटार कंपनीने पानाला चिकटवलेल्या यंत्रातून पेपर चक्क बोलू लागला. घडी उघडली की जाहिरात सुरू!

आपली अडचण मला समजत नाही असे नाही. अंकावर छापलेल्या किमतीत कागद, शाई, छपाई, वाहतूक, विक्रेत्याचे कमिशन आणि बातमीदाराचा पगार बसत नाही, हे शाळकरी पोरालाही हिशेब घातला तर दिसेल. फरक जाहिरातदार भरतो. जाहिरातदाराला खप दाखवावा लागतो, आणि खप वाढवायला डबा द्यावा लागतो. इथपर्यंत मी आपल्याबरोबर आहे. त्यापुढे माझे काही प्रश्न आहेत.

छापील कागद आणि इतर माल यांची सांगड नेहमी वाईटच असते असेही मी म्हणत नाही. १९२० साली किर्लोस्करवाडीहून ‘किर्लोस्कर खबर’ निघाली ती नांगर करणाऱ्या कारखान्याचे बातमीपत्र म्हणून. शंकरराव किर्लोस्करांनी तिचे पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक केले आणि ज्यांच्या घरात नांगर कधी आला नाही अशा घरांनीही ते पैसे मोजून घेतले. इटलीत ‘ला रिपुब्लिका’ने २००२ साली पेपरसोबत कादंबऱ्यांची मालिका काढली. पहिले पुस्तक, उंबेर्तो एको यांचे ‘द नेम ऑफ द रोज’, फुकट दिले आणि पुढच्या पुस्तकांना पेपरच्या किमतीवर जास्तीचे पैसे घेतले. हवे त्याने पुस्तक घ्यावे, नको त्याने नुसता पेपर घ्यावा. अशा सांगडीला कोण नावे ठेवील? तिथे दोन किमती वेगळ्या होत्या आणि नको म्हणायला जागा होती. माझी मागणी एवढ्यावरच उभी आहे.

पेपर आणि त्याच्यासोबतची वस्तू यांत इंग्रज सरकारलाही फरक करावासा वाटला होता. १८९८च्या टपाल कायद्यातले कलम ९ पाहा. नोंदणीकृत वृत्तपत्राला टपालाचा सवलतीचा दर मिळे. पेपरबरोबर पुरवणी पाठवली तर तिलाही तीच सवलत, पण अट अशी की पुरवणीतला मजकूर सर्वस्वी किंवा बराचसा पेपरसारखाच हवा, आणि तिच्या प्रत्येक पानाच्या माथ्यावर पेपरचे नाव व तारीख हवी. म्हणजे पेपरच्या घडीत घातलेली हरएक वस्तू पेपर होत नाही, हे टपाल खात्याला सव्वाशे वर्षांपूर्वी कळले होते. तो कायदा आता गेला, त्याच्या जागी २०२३चा नवा आला. पण त्या कलमातली अक्कल जायला नको होती.

आता कोणी म्हणेल, सरकारला पत्र लिहा, नियम करायला सांगा. मी मुद्दाम तसे केलेले नाही. कारण ही लढाई एकदा होऊन गेली आहे, आणि ती एका मराठी पेपरने जिंकलेली आहे.

न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखालच्या पहिल्या प्रेस आयोगाने १९५४ साली शिफारस केली की पेपरची पाने आणि किंमत यांचे प्रमाण ठरवून द्यावे. मोठ्या भांडवलाच्या पेपरांनी थोड्या पैशांत ढीगभर पाने देऊन लहान पेपरांचा गळा दाबू नये, हा हेतू. त्यावरून १९५६ साली कायदा झाला आणि १९६०च्या ऑक्टोबरात आदेश निघाला. पुण्याचा ‘सकाळ’ तेव्हा ७ नव्या पैशांना मिळे आणि आठवड्यातल्या सहा दिवसांत मिळून ३४ पाने देई. आदेश पाळायचा तर त्या किमतीत २४ पाने. ३४ पाने द्यायची तर किंमत ८ पैसे करावी लागणार. पुरवण्यांवरही बंधन आले. नानासाहेब परुळेकरांच्या ‘सकाळ’ने सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली.

या खटल्यात एक गोष्ट अशी आहे की ती आपल्या प्रत्येकाच्या वितरण विभागात चौकट करून लावावी. पेपरच्या कंपनीच्या अर्जाबरोबर आणखी दोन अर्ज न्यायालयात होते, आणि ते ‘सकाळ’च्या दोन वाचकांचे होते. आपला पेपर महाग होऊ नये, त्याची पाने कमी होऊ नयेत, म्हणून वाचक आपल्या नावाने दिल्लीपर्यंत गेले. त्यांना कोणी डबा दिला नव्हता.

२५ सप्टेंबर १९६१ रोजी निकाल लागला. न्यायमूर्ती मुधोळकरांनी लिहिलेल्या निकालपत्राचा आशय असा, की मत मांडण्याच्या स्वातंत्र्यात ते मत जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोहोचवण्याचे स्वातंत्र्यही येते. पेपर हा धंदाही आहे म्हणून धंद्याची बाजू सावरण्याच्या निमित्ताने सरकारने त्याच्या खपावर घाला घालायचा नाही. कायदा आणि आदेश दोन्ही रद्द झाले. पुढे १९७२ साली कागदटंचाईच्या नावाखाली दहा पानांची मर्यादा आली, तीही सर्वोच्च न्यायालयात टिकली नाही.

मला हे दोन्ही निकाल मनापासून पटतात. सरकारने पेपरची किंमत ठरवावी, किंवा पेपरबरोबर काय द्यायचे ते सांगावे, असे मला वाटत नाही. आज शांपूच्या पुडीवर नियम करणारा बाबू उद्या अग्रलेखावर करील. पण म्हणूनच जबाबदारी आपल्यावर येते. न्यायालयाने सरकारसाठी दार लावले ते वाचकापर्यंत पेपर पोहोचावा म्हणून. त्या बंद दारामागे आपण वाचकालाच गृहीत धरून काहीही गळ्यात घालावे, यासाठी ते दोन वाचक दिल्लीला गेले नव्हते.

शिवाय सर्वसाधारण कायदा आपल्याला लागू नाही असेही नाही. २०१९चा ग्राहक संरक्षण कायदा सांगतो की एक वस्तू घेण्यासाठी दुसरी घेण्याची अट घालणे ही निर्बंधकारक व्यापारी प्रथा. त्याच कायद्यात अनुचित व्यापारी प्रथांच्या यादीत आणखी एक आहे: वस्तू फुकट दिल्याचा भास निर्माण करायचा आणि तिची किंमत एकूण व्यवहारात पूर्णपणे किंवा अंशतः वसूल करायची. डबे नको म्हटल्यावर किंमत तीच राहते तेव्हा डबे फुकट होते, की त्यांचे पैसे वर्गणीत धरले होते? उत्तर कोणतेही द्या, पण ते पावतीवर छापा.

जीएसटी खात्याने तर हा प्रश्न आपल्यापेक्षा सरळ सोडवला आहे. मार्च २०१९च्या परिपत्रकात त्यांनी म्हटले की ‘एकावर एक फुकट’ या प्रकारात दुसरी वस्तू फुकट दिली जात नसते, एकाच किमतीत दोन वस्तू विकलेल्या असतात. आणि निरनिराळ्या वस्तू एका किमतीत बांधून विकल्या, तर त्या मिश्र पुरवठ्याला त्यांतल्या सर्वांत जास्त दराच्या वस्तूचा कर लागतो. वृत्तपत्रावर कर शून्य. अंगाच्या साबणावर सप्टेंबर २०२५पर्यंत १८ टक्के होता, आता ५ टक्के आहे. म्हणजे साबण आणि पेपर एका किमतीत बांधला, की कराच्या दृष्टीने अग्रलेखही साबणाच्या दरात जातो. संपादकांना हे कोणी सांगितले आहे का, एवढेच मला जाणून घ्यायचे आहे.

एक वस्तू मात्र बनारसात वाचक स्वखुशीने पेपरसोबत घेत आला, ती म्हणजे कचोरी. पेपरात गुंडाळलेली, तेलाने पारदर्शक झालेल्या कागदातून कालची बातमी वाचता येणारी. ती सांगड मोडायचा प्रयत्न अन्न सुरक्षा प्राधिकरण करते आहे. शाईतली रसायने आणि शिसे पोटात जातात म्हणून २०१६ साली आणि पुन्हा २०२३ साली त्यांनी बजावले. बरोबरच केले. पण मग चहाच्या आणि मसाल्याच्या नमुना-पुड्या त्याच शाईच्या पानाला डिंकाने चिकटवून घरात येतात, त्यांच्याकडेही कोणीतरी पाहावे.

आता आकड्यांकडे येतो, कारण खरी मेख तिथे आहे.

आपला खप मोजणारी ऑडिट ब्युरो ऑफ सर्क्युलेशन्स ही संस्था १९४८ साली आपण, जाहिरातदार आणि जाहिरात संस्था यांनी मिळून उभी केली. दर सहा महिन्यांनी ती आकडे प्रमाणित करते. सरकारी जाहिरातींचा दरही खपावर ठरतो. वृत्तपत्र निबंधकाकडे आपण दरवर्षी विवरण देत आलात, त्यात विकलेल्या प्रती आणि फुकट वाटलेल्या प्रती वेगळ्या दाखवाव्या लागत. मार्च २०२४पासून नवा कायदा आणि नवे महानिबंधक आले आहेत, पण विकलेले आणि वाटलेले हा फरक काही जुना होत नाही. माझे म्हणणे असे की आता या दोहोंच्या मध्ये एक तिसरी जात तयार झाली आहे. हॉटेलच्या खोलीच्या भाड्यात आलेला पेपर, शताब्दीच्या तिकिटात येत असे तो पेपर, डब्यांच्या संचाबरोबर आलेला, दुसऱ्या पेपरच्या घडीत आलेला, दुकानात अमुक रुपयांच्या खरेदीवर मिळालेला. यांचे पैसे कोणीतरी दिलेले असतात, पण ज्याच्या हातात तो पडला त्याने तो मागितलेला नसतो. हॉटेलात खोलीच्या दाराशी पडलेला पेपर मी स्वतः कितीदा ओलांडून गेलो आहे. त्या सकाळी मी आपला वाचक होतो का? आपल्या कोणत्या तरी तक्त्यात बहुधा होतो.

जाहिरातदारांची काळजी मला नाही, ते आपले पाहून घेतात. त्यांच्याकडे माणसे आहेत आणि ब्युरोच्या टेबलाभोवती खुर्च्याही. माझी काळजी वेगळी आहे. आपण जेव्हा पहिल्या पानावर ‘सर्वाधिक वाचकांची पसंती’ असे छापता तेव्हा ते मला उद्देशून असते, आणि माझ्या टेबलावर कोणताच तक्ता नसतो. तेव्हा विनंती अशी, की खपाची फुशारकी छापाल त्या दिवशी त्याच चौकटीत, त्याच टाइपात छापा: इतक्या प्रती स्वतंत्रपणे, छापील किमतीला गेल्या आणि इतक्या कशाच्या तरी जोडीने. आकडा लहान निघेल. निघू दे. १९६१ साली सर्वोच्च न्यायालयापुढे ‘सकाळ’ने आपला खप सांगितला तो रोजचा ५२ हजार आणि रविवारचा ५६ हजार. एवढ्याशा खपाच्या पेपरने भारत सरकारचा कायदा पाडला.

पेपरवाल्याबद्दल कोणी लिहीत नाही, म्हणून थोडे लिहितो. आमच्या घाटावरच्या गल्ल्यांत सायकलही धड जात नाही. आमचा पेपरवाला पहाटे गठ्ठे उचलतो, फुटपाथवर बसून पुरवण्या भरतो आणि पायऱ्या चढत-उतरत घरे करतो. पुरवणी एक असली तर हात एकदा जातो. पुरवणी, पत्रक, पुडी आणि कुपनाचे जादा पान असे चार जिन्नस झाले की हात चारदा जातो आणि सूर्य तेवढा वर येतो. पुडी कमी पडली तर गिऱ्हाईक त्यालाच चोर म्हणते. बक्षिसाचे डबे आले नाहीत तर शिव्या त्यालाच, कारण आपला वितरण-व्यवस्थापक कोणी पाहिलेला नाही आणि हा रोज दारात उभा. भेटवस्तू पोहोचवण्याचे कमिशन वेगळे द्या. वस्तू मिळाली नाही तर तक्रार कोणाकडे करायची तो क्रमांक अंकावर छापा, आणि तो पेपरवाल्याचा नसावा.

कुपनांविषयी. या खेळाचाही इतिहास आपल्याकडे आहे आणि तो फार अभिमानाचा नाही. चाळीस-पन्नासच्या दशकात शब्दकोड्यांच्या बक्षिसांचे खूळ होते. प्रवेशिका पेपरात, बक्षिसे हजारोंची. मुंबई सरकारने १९४८ साली कायदा केला. स्पर्धावाले शेजारच्या राज्यात गेले आणि बंगळुरात छापलेला ‘स्पोर्टिंग स्टार’ मुंबई प्रांतात कोड्यांसकट खपू लागला. १९५२ साली कायद्याचा हात बाहेर छापलेल्या पेपरांपर्यंत लांबवला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. एप्रिल १९५७मध्ये न्यायालयाने सांगितले की जुगार हा घटनेने संरक्षण दिलेला व्यापार होऊ शकत नाही. दरम्यान १९५५ साली केंद्राचाही कायदा आला होता, महिन्याला एक हजार रुपयांवरच्या बक्षीस-स्पर्धांना मनाई करणारा. आजच्या हमखास भेटीच्या योजना त्या कायद्याच्या चौकटीत कशा बसतात ते आपले वकील जाणोत. मला वाचक म्हणून एवढेच दिसते, की ज्या घरात कुपनासाठी पेपर येतो त्या घरात योजना संपली की पेपर बंद होतो, आणि पुढचा पेपर नवी योजना काढतो. वाचक इकडून तिकडे ढकलण्याच्या या खर्चात किती तालुका-बातमीदारांचे मानधन निघाले असते याचा हिशेब आपल्यापैकी एखाद्याने तरी मांडून पाहावा.

ग्राहक कायद्यात सोडतीबद्दल एक गमतीची तरतूद आहे. अंतिम निकाल सहभागी लोकांना कळवला पाहिजे, आणि तो त्याच वृत्तपत्रात ठळकपणे छापला तर कळवला असे समजायचे. कायद्याने वृत्तपत्रावर केवढा हा विश्वास टाकला आहे! आता बहिणीने गेल्या वर्षी भरून पाठवलेल्या प्रवेशिकेचा निकाल कोणत्या पानावर, किती ठळक आला होता, ते मी तिच्या वतीने विचारतो. पेपरचे नाव घेत नाही. ज्याचे त्याला कळेल.

परदेशांत पेपरसोबतच्या भेटवस्तूंचे नियम कसे आहेत तेही पाहण्यासारखे आहे. जपानमध्ये वृत्तपत्रांनीच आपसांत आचारसंहिता केली आणि तिथल्या स्पर्धा-कायद्याने ती मान्य केली. ग्राहकाला द्यायची वस्तू व्यवहाराच्या रकमेच्या ८ टक्के किंवा सहा महिन्यांच्या वर्गणीच्या ८ टक्के, यांतल्या कमी रकमेच्या आत हवी. दक्षिण कोरियात वर्गणीदाराला सायकली वाटण्यापर्यंत मजल गेली होती. तिथे फुकट अंक आणि भेटवस्तू मिळून वर्षाच्या वर्गणीच्या २० टक्क्यांपर्यंतच, असा नियम आहे आणि २००५पासून नियम मोडणाऱ्याची माहिती देणाऱ्याला बक्षीस. कोरियाचा रस्ता सरकारी आहे, तो मला नको. जपानचा चालेल. आपली इंडियन न्यूजपेपर सोसायटी १९३९पासून आहे. कागदाच्या आयात शुल्कावर ती एकत्र बसते, सरकारी जाहिरातींच्या दरावर बसते, मग डब्याच्या किमतीवरही एकदा बसू शकेल. ८ टक्के असो की १०, आकडा आपणच ठरवा आणि छापा.

आणखी एक, आणि हे सर्वांत अवघड आहे. ज्या कंपनीची पुडी पहिल्या पानावर चिकटून आली तिच्या कारखान्याचे सांडपाणी उद्या नदीत गेले, तर ती बातमी कोणत्या पानावर येईल? मी आरोप करत नाही. माझ्या खिडकीतून नदी दिसते, म्हणून प्रश्न सुचला. जाहिरातीच्या बाबतीत निदान वर ‘जाहिरात’ असे लिहिलेले असते. जोडून आलेल्या वस्तूवर काहीच लिहिलेले नसते, जणू ती संपादकांनीच पाठवली. तेव्हा ज्या अंकासोबत वस्तू असेल त्या अंकाच्या पहिल्या पानावर एक ओळ छापा: ही वस्तू अमुक कंपनीची, तिने आम्हांला पैसे दिले, किंवा आम्ही तिला दिले. काय ते.

संपादकांचा विषय निघालाच आहे, तर इथल्याच पराडकरांबद्दल सांगतो. बाबूराव विष्णु पराडकर १८८३ साली याच काशीत, मराठी घरात जन्मले. शिवप्रसाद गुप्तांनी ५ सप्टेंबर १९२० रोजी इथून ‘आज’ हे हिंदी दैनिक सुरू केले, त्याचे नाव पराडकरांनी मोठे केले. १९३० साली सरकारने छापखान्यांची मुस्कटदाबी केली तेव्हा ‘रणभेरी’ नावाचे पत्रक गुप्तपणे निघे. त्यामागेही ते होते. त्या पत्रकाबरोबर भेट काही नव्हती, सापडले तर तुरुंग होता, आणि तरी ते हातोहात जाई. १९२५ साली वृंदावनच्या संपादक संमेलनात अध्यक्षपदावरून त्यांनी भाकीत केले होते, की पुढची वृत्तपत्रे देखणी होतील, जाडजूड होतील, छपाई सुंदर असेल, मजकुरात विविधता असेल, खपही मोठा असेल, पण त्यांत प्राण उरणार नाही आणि संपादकाला आजचे स्वातंत्र्य असणार नाही. मैदागिनला त्यांच्या नावाचे स्मृती भवन आहे. पत्रकार परिषदा तिथेच होतात. आपल्यापैकी अनेकांचे वार्ताहर तिथे रोज जातात, भाकीत किती खरे ठरले ते त्यांना विचारा.

तरी मला पराडकरांइतकी निराशा वाटत नाही. पेपर अजून दारात पडतो, तो अजून वाचला जातो, आणि त्यातली चूक दिसली की लोक अजून चिडून पत्रे लिहितात. पुडीसाठी पत्र कोणी लिहीत नाही.

म्हणून शेवटची मागणी अगदी लहान आहे, तिला ना कायदा लागतो ना समिती. वर्गणीची नवी पावतीपुस्तके छापाल तेव्हा त्यांत ‘फक्त अंक’ असा एक रकाना ठेवा आणि त्याच्यापुढे डब्याशिवायची खरी किंमत लिहा. ती आजच्यापेक्षा जास्त असली तरी चालेल. मी वर्षाचे पैसे आगाऊ भरीन. आणि हे पत्र वाचणाऱ्या वाचकांना विनंती, की पुढच्या वेळी वर्गणी भरताना आपणही हा रकाना मागावा. नसेल तर पावतीच्या मागे हाताने लिहून द्यावा.



आपला,
एक वर्गणीदार
अमृतराव घाट, वाराणसी